शिवीचा मान

“हिला आम्ही कुत्र्याच्या बदल्यात घेतली होती,” इस्तिफानुस गुरुजी मला म्हणाले. “कुत्रा चांगला होता. अजून हळहळ वाटते.”

ज्यांच्याविषयी हे चाललं होतं त्या मालमा रिफ्कातू, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, समोरच उभ्या होत्या. मालमा म्हणजे तिकडे मास्तरीणबाई. उंच बाई, रुंद खांद्यांची, डोक्याला निळं फडकं गुंडाळलेली. हातात माझ्यासाठी आणलेलं पाण्याचं भांडं. मला वाटलं, आता हे भांडं गुरुजींच्या टाळक्यात बसतं. पण त्यांनी ते शांतपणे माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “मालमा, याच्याकडे लक्ष देऊ नका. याच्या आजोबाला आम्ही बाजारात विकायला नेलं होतं. गिऱ्हाईक म्हणालं, फुकट दिलात तरी नको, खातो फार. म्हणून परत आणावा लागला.”

गुरुजी पन्नाशी उलटलेले, बाई चाळिशीच्या. आजूबाजूला शाळेची पोरं. नको तिथे नाक खुपसायची माझी जुनी खोड, त्यामुळे मी दोघांच्या मध्ये पडले आणि नुकत्याच शिकलेल्या हौसा भाषेत म्हणाले की आपण सगळी शिकली-सवरलेली माणसं, मुलांदेखत असं बोलू नये. दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी लग्नघरात शिरून विहिणींना म्हणाले होते की एकमेकींना नावं ठेवणं बंद करा. मग गुरुजी बाईंना म्हणाले, “ही कुठून आणलीस? हिला कुणीच नाही वाटतं शिव्या द्यायला.”

मला शिव्या द्यायला पुष्कळजण होते. मी मालवणची. पण ते असो.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालातली आहे. मी, शालिनी आजगावकर, पुण्यात भाषाशास्त्र शिकले आणि करारावर नायजेरियात शिकवायला गेले. त्या काळात आपल्याकडची पुष्कळ मास्तर मंडळी तिकडे जात. बहुतेक सगळे गणित नाहीतर रसायन शिकवणारे. ‘तुम्ही काय शिकवता’ असं कुणी विचारलं आणि मी भाषांची नाती म्हटलं, की समोरचा विषय बदलायचा. तिथल्या एका राज्याच्या शिक्षणखात्याने मला काम दिलं होतं. डोंगरावर क्वाल नावाचं गाव, पायथ्याशी दुंबे नावाचं, मध्ये एक ओढा आणि ओढ्याकाठी दोन्ही गावांची मिळून एक शाळा. क्वालमध्ये क्वाल बोलतात, दुंबेत दुंबे. या दोन भाषांचं आपसात नातं काय, ते मी सांगायचं होतं. नकाशावर ही नावं शोधू नका, मी ती बदलली आहेत.

खात्याला हे नातं कशाला हवं होतं? तर मुलांची पहिली दोन-तीन वर्षं घरच्या भाषेत व्हावीत असं धोरण नुकतंच आलं होतं, आणि रिफ्कातूबाईंनी त्यासाठी वर्षानुवर्षं खात्याच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. त्यांच्या शाळेत सहा वर्षांचं पोर येई, त्याला न कळणाऱ्या हौसात, म्हणजे त्या सगळ्या मुलखाच्या बाजारभाषेत, धडा ऐके आणि वर्षभर गप्प बसून घरी जाई. पुढच्या वर्षी येतच नसे. “आमची पोरं मुकी नाहीत,” बाई मला म्हणाल्या, “त्यांना मुकं करून घरी पाठवतात.” त्यांना हवा होता तो पहिलीचा वर्ग, आपल्या भाषेतला. बाकी त्यांनी आयुष्यात काही मागितल्याचं मला माहीत नाही.

मी कामाला लागले. रोज सकाळी कडुनिंबाखाली बसायचं. आपल्याकडचाच कडुनिंब, तिथे सगळीकडे. एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला गुरुजी, मध्ये माझा टेपरेकॉर्डर. मी हौसात शब्द विचारायची, आधी बाई क्वालमध्ये सांगायच्या, मग गुरुजी दुंबेत. आणि प्रत्येक शब्दाबरोबर एक शिवी फुकट. ‘हाड’ विचारलं की गुरुजी म्हणत, क्वालवाल्यांना हाडच माहीत, मांस कधी मिळालंच नाही. ‘पाणी’ विचारलं की बाई म्हणत, याला कशाला विचारता, दुंबेत अंघोळ कुणी केलीय. हळूहळू मला कळलं की हा या दोन गावांचा रिवाज आहे. क्वालच्या माणसाने दुंबेच्या माणसाला वाटेल ते बोलावं, दुंबेच्याने दुप्पट परत करावं, आणि रागवायचं मात्र कुणी नाही. जो रागावेल त्याने कोंबडी द्यायची. आपल्याकडे शिमग्याला जी मुभा चार दिवस मिळते ती यांना बारा महिने होती. बारशाला, लग्नाला, मयतालासुद्धा.

शब्द जमत गेले तसं चित्र स्पष्ट व्हायला लागलं. चाड सरोवराच्या आसपास पसरलेलं एक मोठं भाषाकुळ आहे, दीडशेच्या वर भाषांचं. चाडिक म्हणतात त्याला. त्याची पश्चिमेकडची एक शाखा, आणि त्या शाखेत कोट्यवधी लोकांची हौसा बसते, तशाच दोन-चार हजार माणसांच्या कितीतरी भाषाही बसतात. क्वाल आणि दुंबे त्यांतल्याच होत्या. एखाद दुसरा शब्द सारखा निघाला तर त्यात विशेष नाही, शब्द बाजारातूनही उचलतात. पण जिथे क्वालमध्ये एक ध्वनी तिथे दुंबेत दर वेळी ठरलेला दुसरा, आणि हौसात तिसरा, असं जेव्हा फरकसुद्धा शिस्तीत येतात, तेव्हा घर एकच असतं. मरणाचा शब्द तर तिघींनीही जवळजवळ तसाच ठेवला होता.

मी हे दोघांना मातीवर काडीने झाड काढून समजावलं. क्वाल आणि दुंबे सख्ख्या बहिणी, हौसा लांबची, चुलत. बाईंनी बराच वेळ त्या रेघांकडे पाहिलं.

“आणि आई?” त्यांनी विचारलं.

“ती केव्हाच गेली. तिचं नाव कुणाला माहीत नाही, तिचा आवाज कुणी ऐकलेला नाही. आज जिवंत आहेत त्या सगळ्या बहिणीच.”

“म्हणजे हौसा आमची आई नाही.”

“नाही.”

रिफ्कातूबाई तिथे खाली बसून पोट धरून हसल्या. एवढं हसण्यासारखं काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. गुरुजी मात्र हसले नाहीत, ते पायाने हौसाची रेघ थोडी आणखी लांब ओढत बसले.

खात्याकडून अधिकारी आले, अल्हाजी हाबिबू. अल्हाजी म्हणजे हज करून आलेला माणूस. पांढराशुभ्र घोळदार झगा, भरतकामाची टोपी, जीपमधून उतरताना पायाला धूळ लागू नये म्हणून पाऊल जपून टाकणारे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. इंग्रजी शाळेत हौसा बोलला म्हणून छड्या खाल्लेला, आणि पुढे मोठा अधिकारी होऊन इंग्रजीपुढे हौसासाठी भांडलेला. त्यांची हौसा ऐकत राहावी अशी होती. ते सगळ्यांना ‘आपण’ म्हणत, चपराश्यालासुद्धा.

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. या मुलखाला एक वर्ग मिळेल आणि एक पुस्तक छापलं जाईल. तेव्हा दोन्ही गावांनी मिळून ठरवावं की यांतली भाषा कोणती आणि तिची बोली कोणती. पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर तसं जाहीर करावं, म्हणजे काम झालं. एकमत नसेल तर सध्या चालू आहे तशी हौसा.

“आणि खरं सांगू का,” ते सौजन्याने म्हणाले, “आपली ही दोन्ही बोलणी हौसाच्याच ताटातून सांडलेली शितं आहेत. शितांसाठी इतका वाद कशाला?”

‘तुमची ती बोली’ हे मी पुण्यात बरीच वर्षं ऐकलेलं. मालवणीत बोलले की मैत्रिणी हसायच्या आणि मी शुद्ध बोलले की कौतुक करायच्या, दोन्हींचा मला सारखाच संताप यायचा. त्यामुळे माझ्या तोंडाला कुलूप राहिलं नाही. मी म्हटलं, अल्हाजी, माझ्या कामातून असं दिसत नाही. यांतली कुणी कुणाची बोली नाही आणि दोघी हौसाच्या लेकी नाहीत. तिघी बहिणी आहेत.

“म्हणजे ही माणसं माझी भावंडं?” त्यांनी विचारलं.

“भाषेच्या नात्याने, हो. सख्खी नव्हेत, चुलत.”

अल्हाजी ओठांनी हसले. मग माझा करार कधी संपतो ते त्यांनी फार आस्थेने विचारलं आणि जीपमध्ये बसले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. दुंबेचे पंच म्हणू लागले की घ्या ना नमतं, नाव कुणाचंही असो, पोरं तर शिकतील. क्वालमध्ये उलट कुजबुज, की आपण वर डोंगरावर राहतो, आपलीच भाषा खरी, दुंबेला बोली म्हणून टाका आणि मोकळे व्हा. बाई दोन्हीकडे ठाम नाही म्हणत होत्या, आणि रोज सकाळी पहिलीच्या गप्प पोरांसमोर उभ्या राहत होत्या. मलाही कधी कधी वाटे, हिचा हट्ट मोठा की ही पोरं मोठी? मी तोंडाने म्हटलं नाही. पण त्यांनी ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं, कारण दोन दिवस माझ्याशी त्या तुटक वागल्या.

याच सुमाराला गुरुजींची छाती दुखायला लागली. चढण आली की थांबायचे, दम घ्यायचे. एका सकाळी ते कडुनिंबाखाली आले, टेकून बसले, आणि फार नीट, फार सावकाश म्हणाले, “मालमा रिफ्कातू, माझी विनंती आहे. आपण दुंबेला क्वालची बोली म्हणून जाहीर करा. मी आमच्या गावाला समजावीन. मुलांना वर्ग मिळू दे.”

बाईंचा चेहरा राखेसारखा झाला. मी समजले की त्यांना त्यागाने भरून आलं. कसलं काय.

“तू मला मालमा म्हणालास,” त्या म्हणाल्या. “आपण म्हणालास.”

“रिफ्कातू—”

“मी कोण आहे तुझी? खात्याची साहेबीण? शिवी न देता बोललास माझ्याशी. इतकं वाईट मी तुझं काय केलं?” त्या ताडकन उठल्या. “आणि बोली म्हणून लिहू तुला? लेक म्हणून पदरात घालून घेऊ? मग उद्या भांडू कुणाशी? लेकराला कुणी शिव्या देत नाही, लेकराला दटावतात. लेकरू उलटून बोललं तर त्याला मारतात. तू उलटून बोलायला हवास मला. खाली बसून मान हलवणारा दुंबे मला नको. तसला वर्गही नको.”

गुरुजींनी खोडाला टेकलेली पाठ सरळ केली. मग म्हणाले, “कुत्रा खरंच चांगला होता.”

“आजारी आहेस म्हणून सोडते,” बाई म्हणाल्या आणि तरातरा वर्गात निघून गेल्या. त्या दिवशी तिकडून त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी इस्तिफानुस गुरुजी गेले. जेवायला बसले होते, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत संपलं होतं. तिथल्या उन्हात माणूस ठेवत नाहीत. सकाळी मी दुंबेत पोचले तेव्हा गावाबाहेर खड्डा खणून तयार होता, चटईत गुंडाळलेले गुरुजी बाजेवर होते, आणि त्यांची बायको असाबे उशाशी बसून माश्या वारत होती. गुरुजी चर्चमध्ये प्रवचन करायचे, त्यामुळे पास्टर आले होते. क्वालची माणसं डोंगर उतरून येत होती. आणि नेमकी त्याच वेळी धूळ उडवत जीप आली. अल्हाजी हाबिबूंना निरोप मिळालाच नव्हता, ते बैठकीसाठी आले होते. काय झालं ते कळल्यावर ते जीप लांब थांबवून चालत आले आणि सगळ्यांच्या मागे, हात जोडल्यासारखे पुढे धरून, अदबीने उभे राहिले.

आता मयताचा रिवाज असा होता. दुंबेचं माणूस मेलं की क्वालच्या कुणीतरी येऊन खड्ड्यात पाय सोडून बसायचं, मेलेल्याला शिव्या घालायच्या, आमचा माणूस आम्हाला न विचारता कुठे नेता म्हणून अडून राहायचं. घरच्यांनी कोंबडी दिली की उठायचं, मगच माती. ज्याचं नातं जितकं जवळचं तितकी त्याची शिवी जहाल. तो मान होता. आणि गुरुजींच्या बाबतीत तो मान कुणाचा, याबद्दल दोन्ही गावांत कुणालाही शंका नव्हती.

पण दुंबेचे सरपंच, तिकडे त्यांना गावप्रमुख म्हणतात, बाईंच्या वाटेत आले. पास्टरही आले. त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं की आज राहू दे. साहेब बघतोय. आधीच तो आपल्याला रानटी समजतो, त्यात मयतावर चाललेला हा तमाशा पाहिला तर वर्ग गेलाच म्हणून समज. इस्तिफानुसलाही वर्गच हवा होता. आज सगळे सभ्यपणे उभे राहूया, प्रार्थना म्हणूया, माती देऊया. गावप्रमुखांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते म्हणत होते त्यात खोटं काहीच नव्हतं.

रिफ्कातूबाईंनी अल्हाजींकडे पाहिलं, मग बाजेकडे. पायातल्या वहाणा काढून बाजूला नीट ठेवल्या, लोकांमधून वाट काढत गेल्या आणि खड्ड्याच्या काठावर पाय आत सोडून बसल्या.

“ऊठ,” त्या म्हणाल्या. “ऊठ रे ऐतखाऊ. बैठक आहे म्हटल्यावर मेलास होय? कामाचं नाव काढलं की तुला झोप यायचीच. चटईत शिरून लपलास तरी मला दिसतोयस.”

कुणीही हसलं नाही. दुंबेची माणसं जमिनीकडे बघत होती.

“तुझ्याइतकं घाणेरडं अक्षर मी जन्मात पाहिलं नाही. फळ्यावर कोंबड्या नाचवायचास. तुझं गाव आळशी, तुझा बाप आळशी, तुझा रेडासुद्धा बसून चरतो. दुंबेत शहाणा कोण राहिला आता? कुणी नाही.” आवाज चिरकला. “आधी तरी किती होते? एकच होता. आणि तोही मूर्ख. मला न विचारता गेला. आता मी सकाळी उठून कुणाचं तोंड बघून चिडू? सांग की. उद्या सकाळी मी काय करू?”

माझी आई म्हणायची, ‘गाळी घालूक पण नाता लागता.’ शिवी द्यायलासुद्धा नातं लागतं. डोळे पुसायला माझ्याकडे रुमाल नव्हता, मी पदराने पुसले.

असाबे उठली. तिच्या काखेत पाय बांधलेली कोंबडी होती. कुणाला न सांगता तिने सकाळीच धरून ठेवली असणार. ती काठाशी आली आणि म्हणाली, “घे, हावरट बाई. क्वालमध्ये उपाशी ठेवतात म्हणून इथे मयतं शोधत फिरतेस. घे आणि ऊठ. माझ्या नवऱ्याला तुझ्या तोंडापासून एकदाची सुटका मिळू दे.”

मग मात्र दुंबेच्या बायका हसल्या, आणि हसता हसताच रडायला लागल्या. गावप्रमुखसुद्धा. बाईंनी कोंबडी घेतली, मांडीवर ठेवली. पण उठल्या नाहीत.

“अजून एक माणूस आलाय,” त्या म्हणाल्या, आता हौसात. “त्याचा मान राहिलाय.”

सगळ्यांची तोंडं वळली. अल्हाजी हाबिबू होते तिथेच उभे होते.

“तुला बोलतेय मी, हाबिबू.” मी इथे मुद्दाम एकेरी लिहिते आहे, कारण त्यांच्या आवाजात जे होतं ते मराठीत दुसऱ्या कशाने उतरणार नाही. “ही इंडियाची बाई सांगते, आपण तिघे एका घरातून निघालो. हिने एकेक हाड मोजून पाहिलंय. म्हणजे तू आमचा चुलत भाऊ. सपाटीवर उतरलास, बाजारात बसून लठ्ठ झालास, घरचे लोक विसरलास. विसर. पण आज इथे आलायस तर रीत पाळ. ये, बस माझ्या शेजारी आणि या मेलेल्याला चार शिव्या घाल. फक्त एक शब्द तुझ्या तोंडी नको. आम्ही आणि दुंबे एकमेकांना गुलाम म्हणतो, ते आमचं आहे. तुझे आजे या डोंगरावर माणसं बांधून न्यायला दोर घेऊन आले होते. तुझ्या तोंडी तो शब्द थट्टा होत नाही. दुसरा शोध. पण काहीतरी शोध.”

वारा पडला होता. जीपचा ड्रायव्हर बुटाच्या टोकाने जमीन उकरत होता.

“आणि बसायचं नसेल,” बाई म्हणाल्या, “तर कोण कुणाची लेक आणि कोण कुणाची बोली हे आम्हाला सांगू नकोस. ते घरच्यांनी बोलायचं असतं.”

अल्हाजींचा चेहरा लालबुंद झाला नाही की काही नाही. एवढंच, की त्यांनी पुढे धरलेले हात सोडले आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. “मी सरकारी कामासाठी आलो आहे,” ते शेवटी म्हणाले.

“मग आज सरकारला काम नाही,” बाई म्हणाल्या आणि उठल्या.

माती झाली. जीप केव्हा गेली ते मला कळलंही नाही.

आठवड्याच्या आत खात्याचा माणूस येऊन सांगून गेला की एकमत न झाल्यामुळे पहिलीचा वर्ग पूर्वीप्रमाणे हौसात चालेल. दुंबेचे गावप्रमुख तीन दिवस बाईंशी बोलले नाहीत, आणि क्वालमध्येही लोक म्हणाले, शिवी दिली आणि वर्ग घालवला. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. सोमवारी त्यांनी पहिलीच्या खोलीतल्या पोरांना दोन भिंतींकडे तोंड करून बसवलं, क्वालची या भिंतीला, दुंबेची त्या भिंतीला, आणि हौसाचं पुस्तक कपाटात ठेवून शिकवायला सुरुवात केली. अर्धा तास इकडे, अर्धा तास तिकडे. परवानगी कुणाचीही नव्हती. मी म्हटलं, नोकरी जाईल. त्या म्हणाल्या, जाईल तेव्हा जाईल, तोपर्यंत शिकवून होईल.

दुंबेची बाजू शिकवायला आता कुणी नव्हतं, म्हणून ती पण त्याच शिकवत. त्यांचं दुंबे क्वालच्या हेलाचं होतं. पहिल्या दिवशी दुंबेची एक सहा वर्षांची मुलगी, जी सहा महिने शाळेत चकार शब्द बोलली नव्हती, ती उठून म्हणाली की मालमा, तुम्ही बोलता तेव्हा तोंडात दगड धरल्यासारखं वाटतं. सगळा वर्ग खदखदून हसला. बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि मी व्हरांड्यातून बघत होते म्हणून मला त्यांचा चेहरा दिसला. इतकं सुख मी कुणाच्या चेहऱ्यावर क्वचित पाहिलं आहे.

पुढे महिनाभराने जीप आली. मी व्हरांड्यात टेपा गुंडाळत होते, माझंही काम संपत आलं होतं. अल्हाजी हाबिबू एकटेच उतरले. मला नमस्कार केला, घरच्यांची खुशाली विचारली, आणि आतून क्वालमध्ये पाढे म्हणण्याचा आवाज येत होता तो ऐकत थोडा वेळ थांबले. वर्ग बंद करायला आले आहेत यात मला शंका नव्हती. मी उठले आणि त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेले. अडवणार होते की काय करणार होते, माझं मलाच माहीत नव्हतं.

ते उंबऱ्यावर उभे राहिले. पाढे थांबले. बाईंनी खडू खाली ठेवला आणि हात कमरेवर घेऊन उभ्या राहिल्या. त्या हटणार नव्हत्या, हे खोलीतल्या सगळ्यात लहान पोरालाही दिसत होतं.

अल्हाजींनी घसा साफ केला. टोपी सारखी केली.

“तुमचा,” ते म्हणाले आणि थांबले. मग एका दमात म्हणाले, “तुझा तुवो कच्चा असतो. डोंगरावरच्या कुणालाच तुवो शिजवता येत नाही.”

तुवो म्हणजे बाजरीच्या पिठाचा शिजवलेला गोळा, तिथलं रोजचं जेवण. महिनाभर शोधून शोधून या सज्जन माणसाला एवढीच एक शिवी सापडली होती, ज्यात कुणाच्या आज्याचा दोर नव्हता.

रिफ्कातूबाई हलल्या नाहीत. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि डोळ्यांतून पाणी गालांवर ओघळत होतं ते त्या पुसत नव्हत्या.

“ही शिवी झाली?” त्या म्हणाल्या. “एवढा मोठा झालास आणि तुला धड शिवीसुद्धा येत नाही. ये आत. बस पहिलीत. तुला शाळेत घालायला फार उशीर केला आपल्या आईने.”

अल्हाजींनी वहाणा उंबऱ्याबाहेर काढल्या, पांढरा झगा गुडघ्यांपर्यंत गोळा केला आणि दोन भिंतींच्या मधोमध, पोरांच्यात, जमिनीवर मांडी घातली.